तापावर औषध म्हणून लोकशाही

ठाण्याच्या किसननगरातल्या त्या खोलीत मी गेले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि आत ट्यूबलाइट चालू होती. खिडकी होती, पण तिच्यापुढे हातभरावर शेजारच्या इमारतीची भिंत. तळमजला, एकच खोली, आणि तिच्यात सहा माणसं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ कॉटवर बसला होता. वय एकवीस, वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला. तीन आठवडे खोकला, संध्याकाळी बारीक ताप, मग बेडक्यात क्षयाचे जंतू सापडले. वजन ४१ किलो. आशाताईंनी गोळ्यांची पाकिटं त्याच्या आईच्या हातात दिली, कधी आणि कशा घ्यायच्या ते दोनदा समजावलं. बाहेर पडताना त्या मला म्हणाल्या, "बाई, गोळ्या मी आणून देते. ह्या खोलीचं काय करू?"

मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. रुडॉल्फ विर्चो ह्या जर्मन डॉक्टरचं नाव दरवर्षी फळ्यावर लिहिलं. प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच तयार होते, हे त्याचं प्रसिद्ध तत्त्व मुलांकडून पाठ करून घेतलं. आशाताईंना पडलेल्या प्रश्नासाठी ह्याच माणसाने आयुष्यातली त्रेचाळीस वर्षं नगरपालिकेत घालवली, ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात नव्हती. ती सांगायला हवी होती असं आता फार वाटतं.

१८४८ च्या फेब्रुवारीत विर्चो अवघा २६ वर्षांचा होता आणि बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात शवविच्छेदनाचं काम बघत होता. प्रशिया ह्या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या अप्पर सायलेशिया भागात टायफसची साथ आली होती. हा भाग आज पोलंडमध्ये आहे. माणसं पटापट मरत होती, वर्तमानपत्रांतून ओरड सुरू झाली होती, म्हणून सरकारने ह्या तरुण डॉक्टरला पाहणीसाठी पाठवलं. तीनेक आठवडे तो गावोगाव हिंडला. लोक पोलिश बोलणारे, कारभार जर्मन भाषेत. जमिनी बड्या जमीनदारांच्या. गरिबाचं पोट बटाट्यावर, आणि बटाट्याचं पीक लागोपाठ बुडालेलं. ओंडक्यांची घरं, कडाक्याची थंडी, एका खोलीत सगळं कुटुंब आणि कितीतरी घरांत त्याच छपराखाली गुरं.

विर्चोने प्रेतं तपासली, ताप आणि पुरळ यांच्या बारीक नोंदी केल्या. पण त्याच वहीत त्याने घरांची, जेवणाची, शाळांची आणि करांचीही नोंद ठेवली. सरकारला अपेक्षा होती औषधांची आणि काही डॉक्टर वाढवून मागण्याची. अहवालात आली ती निराळीच मागणी: पूर्ण आणि अनिर्बंध लोकशाही. लोकांना त्यांच्या भाषेत शिक्षण, आणि ते मुलींनासुद्धा. रस्ते. शेतीची सुधारणा. कराचा भार गरिबाच्या डोक्यावरून काढून श्रीमंतावर टाकणं.

मला ह्या अहवालात सगळ्यात विलक्षण वाटते ती एक गोष्ट. टायफस कशामुळे होतो हे विर्चोला माहीतच नव्हतं. जंतू हा शब्दसुद्धा तेव्हा वैद्यकात रुळला नव्हता. मग निदानातला मुख्य धागा हातात नसताना त्याचा उपाय इतका बरोबर कसा ठरला?

टायफस म्हणजे आपल्याकडचा टायफॉइड नव्हे. टायफॉइड दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतो. टायफस अंगावरच्या उवेतून येतो. ही ऊ डोक्याच्या केसांत नसते, ती कपड्यांच्या शिवणीत राहते आणि रक्त प्यायला तेवढी कातडीवर येते. आजारी माणसाच्या रक्ताबरोबर रिकेट्सिया नावाचे जंतू तिच्या आतड्यात जातात, तिथे वाढतात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. माणूस खाजवतो आणि ती विष्ठा स्वतःच्याच कातडीत चोळून घेतो. तापाने अंग फार तापलं किंवा मरून थंड पडलं की ऊ तिथून निघते आणि शेजारी झोपलेल्याच्या कपड्यांत शिरते. हे उलगडायला १९०९ साल उजाडावं लागलं. ट्युनिसमध्ये शार्ल निकोल यांच्या लक्षात आलं की टायफसचे रुग्ण दारात येईपर्यंत रोग पसरवतात, त्यांचे कपडे काढणाऱ्यांना आणि धुणाऱ्यांना तो होतो. पण आंघोळ घालून स्वच्छ कपडे दिल्यावर त्याच रुग्णांपासून वॉर्डात कोणालाही काही होत नाही. म्हणजे रोग अंगाबरोबर आत जात नव्हता, उतरवलेल्या कपड्यांबरोबर बाहेर राहत होता. ह्या शोधासाठी निकोल यांना १९२८ चं नोबेल मिळालं.

आता सायलेशियातलं घर पुन्हा डोळ्यांसमोर आणा. ज्याच्याकडे एकच जोड आहे तो कपडे उकळून धुणार कधी? सरपण नसेल तर पाणी तापवणार कशावर? थंडीत उबेसाठी सगळे चिकटून झोपले की उवेला प्रवास करावाच लागत नाही. विर्चोने जे मागितलं त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट लोकांना मिळाली असती तर दुसरा कपड्यांचा जोड, सरपण आणि दुसरी खोली घरात आली असती. ऊ न ओळखताही त्याने तिचं घरटं ओळखलं होतं.

बर्लिनला तो परतला आणि काही दिवसांतच तिथे क्रांती पेटली. विर्चो रस्त्यावरच्या मोर्चेबंदीत सामील झाला. त्याच वर्षी त्याने वैद्यकीय सुधारणेसाठी एक साप्ताहिक काढलं आणि त्यात लिहिलं की वैद्यक हे सामाजिक शास्त्र आहे आणि राजकारण म्हणजे मोठ्या प्रमाणावरचं वैद्यकच. क्रांती चिरडली गेल्यावर, १८४९ मध्ये त्याला बर्लिन सोडून व्युर्झबुर्गला जावं लागलं. पेशींचं ज्ञान तिथे पिकलं. १८५६ मध्ये तो बर्लिनला परत आला आणि दोन वर्षांनी त्याची पेशी-विकृतिशास्त्रावरची व्याख्यानं प्रसिद्ध झाली. रोग म्हणजे अंगातले बिघडलेले द्रव, ही शेकडो वर्षांची समजूत त्यांनी मोडली. शरीराला तो पेशींचं राज्य म्हणायचा. प्रत्येक पेशी त्या राज्याची नागरिक, आणि एका कोपऱ्यातल्या नागरिकांचे हाल झाले की आजारी पडतं ते सगळं राज्य. सूक्ष्मदर्शकाखाली आणि सभागृहात हा माणूस एकच गोष्ट पाहत होता, असं मला वाटतं.

१८५९ मध्ये तो बर्लिनच्या नगरपालिकेत निवडून गेला आणि १९०२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथे राहिला. मधल्या काळात प्रशियाच्या विधिमंडळातही होता आणि १८८० ते १८९३ जर्मन संसदेतही. १८६५ मध्ये प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याने त्याला द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं होतं, त्याने ते नाकारलं. पण ह्या सगळ्या मोठ्या नावांपेक्षा मला त्याचं गटारांचं काम मोठं वाटतं. तेव्हाच्या बर्लिनमध्ये घरातली घाण रस्त्याकडेच्या उघड्या गटारांतून वाहायची. जेम्स होब्रेख्ट या अभियंत्याने शहराचे बारा भाग पाडून प्रत्येकाची घाण पंपाने शहराबाहेरच्या शेतांवर नेण्याची योजना आखली. विर्चोने वर्षानुवर्षं आकडे मांडून ती नगरपालिकेच्या गळी उतरवली. १८७३ मध्ये काम सुरू झालं. घरं गटारांना जोडली गेली तसतसे टायफॉइडचे मृत्यू खाली आले. सार्वजनिक रुग्णालयं आणि डुकराच्या मांसाची सक्तीची तपासणी यांच्यामागेही त्याचीच चिकाटी होती.

त्याच्या चुकाही लहान नव्हत्या. बाळंतिणींच्या वॉर्डात जाण्याआधी डॉक्टरांनी हात निर्जंतुक करावेत, हे सेमेलवाइस या डॉक्टरांचं म्हणणं त्याने मनावर घेतलं नाही. २४ मार्च १८८२ ला रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला तो विर्चोच्याच बर्लिनमध्ये, तरी जंतू हेच रोगाचं पूर्ण कारण हे त्याला पटायला जड गेलं. ह्या हट्टाचं समर्थन करता येत नाही. पण त्याच्या शंकेत एक खरा प्रश्न होता: जंतू इतक्यांच्या अंगात जातो, मग आजारी थोडेच का पडतात?

क्षयाच्या बाबतीत हा प्रश्न आजही तितकाच खरा आहे. क्षयाचा जंतू ज्यांच्या फुप्फुसात शिरतो त्यांच्यापैकी पाच ते दहा टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. बाकीच्यांमध्ये पांढऱ्या पेशी जंतूभोवती गराडा घालून बसतात आणि त्याला वर्षानुवर्षं कोंडून ठेवतात. हा पहारा द्यायला शरीराला रोज प्रथिनं आणि ऊर्जा लागते. माणूस उपाशी राहिला की पहारेकरी गळतात, गराडा ढासळतो आणि कोंडलेला जंतू मोकळा होतो.

अन्न हे खरोखर औषध ठरतं का, हे झारखंडच्या चार जिल्ह्यांत रीतसर तपासलं गेलं. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांच्या ह्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं होती. रुग्णांना सगळीकडेच शिधा मिळाला. घरातल्या इतरांना मात्र निम्म्या भागांतच मिळाला: माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. जिथे सगळ्या घराला शिधा मिळाला तिथे घरातल्यांना नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. दुसऱ्यांना लागण करणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयात तर ४८ टक्क्यांनी. रुग्णांमध्येही, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं त्यांना मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. तांदूळ आणि डाळ! एखाद्या कंपनीने इतकं परिणामकारक इंजेक्शन काढलं असतं तर त्याची बातमी पहिल्या पानावर आली असती. सरकार क्षयरुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. ही रक्कम रुग्णापुरती असते, आणि सहा माणसांच्या घरात एका ताटात वेगळं वाढलं जात नाही, हे कुठल्याही आईला विचारा.

आणि खोली? क्षयाचा रुग्ण खोकला की जंतू अतिशय सूक्ष्म थेंबांत बसून हवेत जातात आणि तासन्‌तास तरंगत राहतात. ऊन त्यांना मारतं, वारा त्यांना पांगवतो. खोलीतली हवा ताशी एकदाच बदलत असेल तर त्यातले ९९ टक्के कण बाहेर पडायला साडेचार तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. ताशी बारा वेळा बदलत असेल तर २३ मिनिटं. किसननगरच्या त्या खोलीत पंखा गरगर फिरतो, पण तीच हवा फिरवतो. ठाण्याच्या खाडीवरून येणारा वारा चौथ्या मजल्यावरच्या पत्र्यांपर्यंत येतो, तळमजल्यापर्यंत उतरत नाही.

आपल्या भागाने हा धडा एकदा फार महागात घेतला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रुग्णांच्या गाठी पाहून प्लेग ओळखला. ते महापालिकेचे सभासदही होते, त्यामुळे निदान दवाखान्यात न राहता स्थायी समितीपुढे मांडलं गेलं. पुढे १९०६ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या फोडून समुद्राचा वारा आत आणायचा, म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले गेले. विचार चांगला होता. पण पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरं फार कमी बांधली गेली, आणि बेघर झालेली माणसं शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी त्याच १८९८ साली दाखवलं होतं. दाट वस्तीत उंदीर आणि पिसवा दोन्ही सुखाने नांदतात.

एकविसाव्या शतकातही तेच पाहायला मिळालं. गोवंडी-मानखुर्द भागात झोपडपट्टीतून हलवलेल्या लोकांसाठी उभारलेल्या इमारतींची पाहणी झाली तेव्हा दोन इमारतींमधली जागा इतकी चिंचोळी आढळली की खालच्या मजल्यांवर ऊनच पोचत नव्हतं. क्षयाचे रुग्ण तिथेच जास्त होते. पक्की घरं मिळाली, हवा मिळाली नाही.

ठाण्यात आज सगळ्यांच्या तोंडी क्लस्टर योजना, म्हणजे जुन्या दाट वस्त्या एकत्र पाडून नव्याने बांधण्याची योजना आहे आणि किसननगर तिच्या सुरुवातीच्या भागांत येतं. मत मागायला येणारे पाण्याबद्दल, रस्त्याबद्दल, किती चौरस फूट मिळणार याबद्दल बोलतात, आणि ते बोलायलाच हवं. पण एका इमारतीपासून दुसरी किती अंतरावर, हा आकडाही औषधाच्या मात्रेइतकाच महत्त्वाचा आहे. ती मात्रा ठरते सभागृहात. म्हणूनच तिथे एखादा डॉक्टर बसलेला मला हवा असतो, आणि विज्ञान समजून घेणारे इतरही.

मुलाची गादी आशाताईंनी पहिल्याच दिवशी दाराजवळ हलवायला लावली होती. विद्यार्थ्याने पगारातून घरासाठी डाळ, शेंगदाणे, अंडी आणायला सुरुवात केली. दोन महिन्यांनी काट्यावर ४४ किलो भरले. म्हणजे सात टक्क्यांहून जास्त वाढ. मी हिशेब करून सांगितला तेव्हा त्याच्या आईला टक्के कळले नाहीत, पण तिने काट्याला हात लावून नमस्कार केला.

गेल्या महिन्यात चाळीतल्या लोकांना नव्या इमारतींचा नकाशा दाखवायला माणसं आली होती. पुरुष क्षेत्रफळाचं विचारत होते. आशाताई मागे उभ्या होत्या, त्या पुढे आल्या, तळमजल्याच्या एका खोलीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही खिडकी कुठे उघडते, ते आधी दाखवा."