अंजिरावरचं चॉकलेट चकाकतं कशामुळे?

दुकानातून आणलेली चॉकलेटची वडी खटकन तुटते, चकाकते आणि हातात धरली तरी लगेच बोटांना लागत नाही. तीच वडी वितळवून तिच्यात अंजीर किंवा जर्दाळू बुडवले आणि गार व्हायला ठेवले, तर पुष्कळदा वरचा थर मऊ राहतो, निस्तेज दिसतो आणि एक-दोन दिवसांत त्यावर करडे पट्टे उठतात. चॉकलेटमध्ये काही घातलेलं नाही, काही काढलेलं नाही. बदलली ती आतल्या कोको बटरच्या स्फटिकांची रचना.

कोको बटर म्हणजे कोकोच्या बीमधला स्निग्ध पदार्थ. त्यात पामिटिक, स्टिअरिक आणि ओलेइक ही तीनच मेदाम्लं प्रामुख्याने असतात. इतकी थोडी विविधता असल्यामुळे त्याचे रेणू गोठताना नीट रचले जाऊ शकतात. ही रचना एकाच पद्धतीची नसते. विली आणि लटन या संशोधकांनी 1966 मध्ये तिचे सहा प्रकार सांगितले. पहिला प्रकार साधारण 17 अंश सेल्सिअसलाच वितळतो, चौथा 27-28 अंशांना, पाचवा 34 अंशांच्या आसपास आणि सहावा 36 अंशांना. चॉकलेटवाल्यांना हवा असतो तो पाचवा. त्यात रेणू कौलांसारखे एकमेकांत घट्ट बसलेले असतात. म्हणून तो खटकन तुटतो, पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने प्रकाश परावर्तित करतो, आणि खोलीत घट्ट राहूनही तोंडाच्या 37 अंशांना विरघळतो.

अडचण अशी, की नुसतं वितळवून गार केलेलं कोको बटर आपणहून पाचव्या प्रकारात जात नाही. आधी तयार होतात ते घाईने जमणारे, सैल रचनेचे प्रकार. पुढे ते हळूहळू अधिक स्थिर रचनेकडे सरकतात आणि त्या उलथापालथीत थोडी चरबी पृष्ठभागावर येऊन पुन्हा गोठते. करडे पट्टे हेच. ती बुरशी नव्हे. असं चॉकलेट खायला काहीच हरकत नसते.

या प्रक्रियेला वळण लावण्याच्या पद्धतीला टेंपरिंग म्हणतात. डार्क चॉकलेट 45 ते 50 अंशांपर्यंत तापवलं की जुने सगळे स्फटिक वितळतात. मग ढवळत ढवळत ते 27-28 अंशांवर आणायचं. या तापमानाला चौथ्या आणि पाचव्या, दोन्ही प्रकारांचे स्फटिक धरू लागतात. आता पुन्हा 31-32 अंशांपर्यंत हलकंसं तापवलं की चौथा प्रकार वितळून जातो आणि पाचवा शिल्लक राहतो. उरलेलं चॉकलेट गोठताना त्याचाच साचा गिरवतं. मिल्क चॉकलेटमध्ये दुधाची चरबी मिसळलेली असल्याने ते 45 अंशांच्या वर नेऊ नये, आणि शेवटचं तापमानही 29-30 अंशच ठेवावं.

घरी यासाठी संगमरवरी ओटा लागत नाही. चॉकलेट बारीक चिरा. दोन-तृतीयांश भाग गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा, भांड्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. खाली उतरवून उरलेला एक-तृतीयांश भाग थोडा थोडा घालत ढवळत राहा. दुकानातल्या चांगल्या वडीत पाचव्या प्रकारचे स्फटिक आधीच असतात, तेच इथे विरजणाचं काम करतात. चॉकलेट 32 अंशांवर आलं आणि त्यात एखाददुसरा तुकडा न विरघळता राहिला, तर काम झालं. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. पंख्याखाली नव्हे, साध्या गार खोलीत. चार-पाच मिनिटांत त्यावरचा थर कोरडा होऊन चकाकायला हवा. डिजिटल थर्मामीटर जरूर घ्यावा. या कामात दोन अंशांनी फरक पडतो आणि दोन अंश अंदाजाने कळत नाहीत.

आता फळांकडे. ताज्या फळाऐवजी सुकं फळ का, याचं उत्तर पाण्यात आहे. चॉकलेटमध्ये पाणी एक टक्क्याहूनही कमी असतं. स्निग्ध पदार्थात साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण विखुरलेले असतात. त्यात चमचाभर पाणी पडलं की साखरेच्या कणांचा पृष्ठभाग चिकट होतो, कण एकमेकांना धरतात आणि पातळ चॉकलेटचा क्षणात खरबरीत गोळा होतो. सुक्या फळात पाणी असतंच, बेदाण्यात साधारण 15 टक्के, मऊ जर्दाळूत त्याहून बरंच जास्त. पण ते साखरेने धरून ठेवलेलं असतं, सहज सुटत नाही. म्हणून फळं धुतली तर पूर्ण कोरडी करूनच वापरावीत. फ्रिजमधली गार फळंही थेट बुडवू नयेत. त्यांच्यावर दव धरतं आणि त्यांना चिकटलेलं चॉकलेट फार घाईने गोठतं.

आपल्याकडच्या बेदाण्याची इथे एक सुंदर ओळख पटते. सांगली-तासगावकडे द्राक्षं सुकवण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या द्रावणात बुडवतात. सालीवरच्या मेणाच्या थरातून पाणी बाहेर पडायला त्यामुळे वाट मिळते आणि सावलीतल्या जाळ्यांवर द्राक्षं लवकर सुकतात. हे ओलिएट ज्या ओलेइक आम्लापासून बनतं, तेच कोको बटरमध्येही असतं. बेदाणे एकेक करून बुडवण्यात वेळ घालवू नका. चॉकलेटमध्ये कालवून बटर पेपरवर चमच्याने छोटे ढीग घाला. अंजीर आणि जर्दाळू मात्र अर्धेच बुडवावेत. आंबूस जर्दाळूवर डार्क चॉकलेट, याहून चांगली जोडी मला माहीत नाही.

बुडवून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही. गोठताना चॉकलेट उष्णता बाहेर टाकतं, ती काढून घ्यायला थंडावा उपयोगी पडतो. पण साठवणीचं गणित वेगळं. पावसाळ्यात खोलीत 28 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर 24 अंशांहून गार असलेल्या कोणत्याही वस्तूवर दव धरतं. फ्रिजमधून उघड्यावर काढलेल्या चॉकलेटवर हे पाणी जमतं, वरची साखर त्यात विरघळते आणि पाणी उडालं की खरखरीत पांढरा थर मागे राहतो. म्हणून फ्रिजमध्ये ठेवायचंच तर हवाबंद डब्यात, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायचा नाही. माझ्या मते हे काम पुण्या-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीतच करावं. विदर्भातल्या मे महिन्यात पाचवा प्रकारसुद्धा टिकत नाही, खोलीच त्याच्या वितळणबिंदूच्या वर जाते.

बाजारात मिळणाऱ्या कंपाउंड चॉकलेटला ही कसरत लागत नाही. त्यात कोको बटरऐवजी पाम कर्नलसारखं वनस्पतिजन्य स्निग्ध असतं, ते सरळ गोठतं. पाकिटावरची घटकांची यादी वाचली की फरक कळतो. चव मात्र तशी विरघळत नाही, चांगल्या अंजिरावर ते वाया घालवल्यासारखं वाटतं. दोन्ही एकत्र करून काटकसर करू नका. पाम कर्नलचं स्निग्ध कोको बटरच्या स्फटिकांत बसत नाही आणि मिश्रण दोन्हींहून मऊ राहतं.

पट्टे उठलेलं चॉकलेट पुन्हा 45 अंशांपर्यंत वितळवून नव्याने टेंपर करता येतं. पाणी पडून गोळा झालेलं चॉकलेट बुडवण्याच्या कामाचं राहत नाही, पण त्यात गरम साय किंवा दूध घालत ढवळलं तर ते सैल होऊन दाट सॉस बनतो, उरलेल्या खजुरांना तो चांगला लागतो.