विद्यार्थी गटाची श्वेतपत्रिका: ठाण्यात माहितीचा अर्ज कुठे, कोणी आणि कसा करायचा

जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली की ठाण्यातली मुलं हमखास विचारतात, "सर, तलावांवर प्रोजेक्ट घेतलाय, श्वेतपत्रिका लिहायची आहे. सुरुवात कुठून करायची?" माझं उत्तर ठरलेलं आहे: कोर्ट नाक्यावरून. तिथे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प घ्या आणि माहितीचा अर्ज करा. लिहायला नंतर बसा.

श्वेतपत्रिका हा शब्द आपल्याकडे सरकारी आहे. महाराष्ट्र सरकारने 2012 साली सिंचनावर काढली, केंद्राने त्याच वर्षी काळ्या पैशावर. एखाद्या प्रश्नाची नोंदींवर आधारलेली स्थिती आणि पुढचे पर्याय एवढंच त्यात असतं. विद्यार्थ्यांच्या कागदाला सरकारी वजन नसतं, पण शिस्त तीच लागते. वर्तमानपत्रांतली कात्रणं जोडून झालेला अहवाल वाचनीय असेल, त्याला श्वेतपत्रिका म्हणता येणार नाही. मूळ कागद हातात हवा, आणि तो मिळवायचा कायदेशीर रस्ता म्हणजे माहितीचा अधिकार अधिनियम, 2005.

अर्ज कोण करू शकतो

भारताचा कोणताही नागरिक. कायद्यात किमान वयाची अट नाही, त्यामुळे अकरावी-बारावीची मुलंही अर्ज करू शकतात. मात्र हा हक्क नागरिकाला आहे, कॉलेजला किंवा गटाला नाही. "अमुक महाविद्यालय, पर्यावरण मंडळ" या नावाने केलेला अर्ज परत येऊ शकतो. अर्जदार म्हणून एकाच विद्यार्थ्याचं नाव, पत्ता आणि सही असू द्या. गटात सहा जण असतील तर सहा विषय वाटून घ्या आणि प्रत्येकाने आपल्या नावाने एकेक अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत हवा, म्हणून ही वाटणी सोयीचीही पडते.

माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही, कलम 6(2) तसं स्पष्ट म्हणतं. प्राचार्यांचं पत्र अर्जाला लागत नाही. ते लागतं अभियंत्याची मुलाखत घेताना किंवा तलावाच्या पाण्याचा नमुना घ्यायची परवानगी मागताना, त्यामुळे एक प्रत फाइलमध्ये असू द्या.

कागदपत्रं आणि शुल्क

राज्याच्या माहिती अधिकार नियमांतल्या जोडपत्र 'अ' नमुन्यातला अर्ज आणि त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. रोखीने भरलंत तर पावती घ्या. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातल्या विद्यार्थ्याला शुल्क माफ आहे, त्याने दाखल्याची प्रत जोडायची. नागरिकत्वाबद्दल विचारणा झालीच तर अडायला नको म्हणून ओळखपत्राची स्वसाक्षांकित झेरॉक्स जवळ ठेवा. राज्य सरकारच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो, पण तुमचं कार्यालय त्या यादीत आहे का ते आधी बघा.

हाताने अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. पुढच्या सगळ्या मुदती त्या शिक्क्यावरून मोजल्या जातात. स्पीड पोस्टने पाठवलात तर पोच जपून ठेवा.

अर्ज कोणाकडे

तलावाची देखभाल, गाळ काढणं, विसर्जन घाट हा सगळा विषय महापालिकेचा, म्हणजे पाचपाखाडीतल्या मुख्यालयात संबंधित विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. पाण्याच्या तपासण्या आणि प्रदूषणाच्या नोटिसांसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं वागळे इस्टेटमधलं प्रादेशिक कार्यालय. नवी मुंबईतल्या गटांना हेच मंडळ बेलापूरच्या रायगड भवनात भेटेल. कार्यालय चुकलं तरी घाबरू नका. कलम 6(3) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

त्याआधी एक काम करा. जे आधीच जाहीर आहे ते मागू नका. कलम 4 खाली प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून माहिती प्रसिद्ध करायची असते. शिवाय महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 67अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी 31 जुलैपूर्वी पर्यावरण स्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. तो आधी वाचा. त्यातला आकडा कुठून आला, असा प्रश्न वाचताना पडेल. अर्जाचा खरा विषय तिथेच सापडतो.

मजकूर कसा लिहायचा

बहुतेक अर्ज इथे फसतात. "कचराळी तलावाचं पाणी एवढं खराब का झालं?" या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही, कारण अधिकाऱ्याने द्यायची ती नोंदीत असलेली माहिती. मत किंवा कारणमीमांसा तयार करून देणं त्याच्यावर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केलं आहे. त्याऐवजी लिहा: "1 एप्रिल 2022 ते 31 मार्च 2025 या कालावधीत कचराळी तलावाच्या पाण्याच्या तपासणीचे प्रयोगशाळा अहवाल, नमुना घेतल्याची तारीख, वेळ व ठिकाण यांच्या नोंदींसह, प्रमाणित प्रती." विषय, कालावधी, कागदाचा प्रकार. 'का' हा शब्द अर्जात नको. त्याचं उत्तर श्वेतपत्रिकेने शोधायचं आहे.

'वेळ' हा शब्द मी मुद्दाम घालायला लावतो. एका वर्षी आमच्या गटाने एका तलावाच्या विरघळलेल्या प्राणवायूचा आलेख काढला होता. रेघ वर चढत होती आणि मुलांनी "पाणी सुधारते आहे" असं वाक्यही लिहून टाकलं होतं. मग आम्ही नस्ती बघायला गेलो. जाडजूड फाइल, एका बाजूला टिपणी, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार, पानांचे आकडे कोपऱ्यात पेन्सिलने घातलेले. गटातली एक मुलगी पान पान उलटत होती, ती मध्येच थांबली. आधीच्या वर्षांचे नमुने सकाळी सातच्या सुमाराला घेतलेले, नंतरचे दुपारी साडेतीनला. शेवाळ माजलेल्या तलावात ऊन चढेल तसा प्राणवायू वाढतो आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो. आलेखात सुधारणा दिसत होती ती घड्याळाची होती. ते वाक्य तिथेच खोडलं गेलं.

म्हणून प्रतींवर समाधान मानू नका, अर्जात अभिलेख, म्हणजे कार्यालयातल्या मूळ फाइली, पाहण्याची मागणीही करा. पाहणीचा पहिला तास विनाशुल्क असतो आणि टिपणं काढायचा तुम्हाला हक्क आहे. फोटोसाठी मात्र विचारून घ्या. राज्य सरकारच्या 2018 च्या परिपत्रकाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात. जाताना दोघं जा, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने पान क्रमांकासह लिहायचं.

मुदती

उत्तर 30 दिवसांत यायला हवं, अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे गेला असेल तर साधारण 35. प्रतींचे दर पानाला दोन रुपये. शुल्क भरण्याचं पत्र आलं की त्याच आठवड्यात भरा, कारण पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. मुदत उलटून गेली तर कलम 7(6) प्रमाणे माहिती विनामूल्य द्यावी लागते.

उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर 30 दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. त्याचा निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत. त्यापुढे 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. ठाणे जिल्ह्यासाठी कोकण खंडपीठ आहे. सत्र तोवर संपलेलं असतं, हे खरं. म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात करा, ऑगस्टची वाट पाहू नका. माहिती आलीच नाही तर श्वेतपत्रिकेत तेवढंच लिहा: "अमुक तारखेला मागितली, अमुक तारखेपर्यंत मिळाली नाही." त्यापुढे 'लपवली' हा शब्द आला की तुमचा कागद निवेदन होतो.

कागद हातात आल्यावर

प्रत्येक कागदाला क्रमांक द्या आणि एक सामायिक नोंदवही ठेवा. मसुद्यातल्या प्रत्येक विधानासमोर कागदाचा क्रमांक हवा, नसेल तर विधान काढायचं. "पाण्याची दयनीय अवस्था" असं कोणी लिहिलं की मी विचारतो, कोणत्या मापाने? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात आंघोळीयोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान 5 मिलिग्रॅम आणि जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू, 3 मिलिग्रॅमपर्यंत लागते. निकष, आकडा, तारीख, वेळ शेजारी शेजारी ठेवा. 'दयनीय' लिहायची गरज उरत नाही.

एका भागाची माहिती ज्याने गोळा केली, त्याने तो भाग तपासायचा नाही, दुसऱ्याने तपासायचा. एकमत झालं नाही तर बहुमताने वाक्य गाडू नका, शेवटी भिन्नमत टिपणी छापा. गटातल्या कोणाचा विषयाशी घरचा संबंध असेल तर तो पहिल्याच पानावर लिहा. आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील तलावाकाठी खाण्याची गाडी लावायचे. फेरीवाल्यांचा भाग तिने लिहिला नाही आणि कारणही नावानिशी छापलं. मला त्या पानाचा आजही अभिमान वाटतो.

छापण्याआधी मसुद्याची प्रत संबंधित विभागाला द्या आणि म्हणणं मांडायला पंधरा दिवस ठेवा. उत्तर आलं तर जसंच्या तसं परिशिष्टात घ्या, तुमच्या मताविरुद्ध असलं तरी. अंतिम प्रत देतानाही आवक शिक्का घ्या. मूळ प्रती, पोचपावत्या आणि नोंदवही कॉलेजच्या ग्रंथालयात जमा करा, म्हणजे पुढच्या वर्षीचा गट त्यापुढच्या वर्षांचे कागद मागेल, तेच पुन्हा मागणार नाही.