प्रगणित प्रकार

प्रगणित प्रकार : प्रोग्रामिंगमध्ये ज्या चलाची (माहिती ठेवण्याच्या नामांकित जागेची) मूल्ये मोजकी आणि आधीच ठरलेली असतात, त्याच्यासाठी नावांची यादी देऊन घडवलेला प्रकार. प्रोग्रामर त्याला ‘एनम’ म्हणतात. कोडमध्ये जागोजागी पेरलेल्या निनावी आकड्यांना, म्हणजे ‘मॅजिक नंबर’ना, तो पर्याय होय.

सातबारा हे नावच आकड्यांतून आले आहे : गाव नमुना ७ हा अधिकारांचा, तर गाव नमुना १२ हा पिकांचा. यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यात त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही, कारण साऱ्या गावाला तो पाठ असतो. कोडमधल्या आकड्याला असा आधार नसतो. पीकनोंदीच्या प्रोग्राममध्ये ‘हंगाम २’ म्हणजे रब्बी आणि ‘पीक २’ म्हणजे तूर असेल, तर हंगामाच्या जागी चुकून पीक तपासले तरी कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, हरकत घेत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही २च. हंगाम आणि पीक हे दोन वेगळे प्रगणित प्रकार केले, तर काटेकोर भाषांत ही चूक प्रोग्राम चालण्याआधीच पकडली जाते. नुसत्या नामांकित स्थिरांकांनी, म्हणजे न बदलणाऱ्या आकड्याला नाव देऊन, वाचन सुधारते, हे संरक्षण मात्र मिळत नाही. याउलट क्विंटलचे १०० किलो किंवा रुईच्या खंडीचे ३५५.६२ किलो ही मापे आहेत, पर्याय नव्हेत. तेथे नामांकित स्थिरांकच योग्य.

या कल्पनेचा उगम कोठे मानावा, याबद्दल एकवाक्यता नाही. १९६० च्या दशकातील कोबोल या प्रोग्रामिंग भाषेत ८८ या पातळी-क्रमांकाने चलाच्या ठरावीक मूल्याला नाव देता येई, म्हणून काही जण तेथून सुरुवात धरतात. परंतु त्यातून स्वतंत्र प्रकार तयार होत नसे. त्यामुळे निक्लाउस विर्थ यांच्या, साधारण १९७० च्या पास्कल भाषेला मान देणे अधिक सयुक्तिक वाटते. तेथे प्रगणित मूल्यांना क्रम होता, पुढचे-मागचे मूल्य काढता येई, आणि सरणीचा (ओळीने मांडलेल्या मूल्यांच्या संचाचा) निर्देशांक म्हणूनही ती वापरता येत. संगणकशास्त्रज्ञ सी. ए. आर. होअर यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनात प्रगणनाची तात्त्विक मांडणी केली. सी भाषेवरील कर्निघन व रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात एनम नाही. तो त्यानंतर आला आणि १९८९ च्या मानकात स्थिरावला. मात्र सीमधील एनमची नावे म्हणजे साधे पूर्णांकच, त्यामुळे वरची हंगाम-पिकाची गल्लत तेथे सहज निसटते. सी++ ने २०११ मध्ये बंदिस्त एनम, म्हणजे ज्याची मूल्ये आपोआप पूर्णांक होत नाहीत असा एनम, आणून ही वाट बुजवली. जावात एनम २००४ मध्ये, पायथनच्या प्रमाण ग्रंथालयात २०१४ मध्ये आला. गो भाषेत तो स्वतंत्र प्रकार म्हणून नाही. रस्ट भाषेत एनमच्या प्रत्येक पर्यायासोबत माहितीही बाळगता येते.

‘मॅजिक नंबर’ला दुसराही अर्थ आहे : फाइलचा प्रकार ओळखण्यासाठी तिच्या आरंभी लिहिलेला आकडा. येथे तो अभिप्रेत नाही.

साठवणीत विशेष सावधगिरी हवी. बहुतेक भाषा यादीतील क्रमानुसार आपोआप आकडे देतात. कापूस, तूर, सोयाबीन या यादीत तुरीच्या आधी मूग घातला, की तुरीचा क्रमांक मुगाला जातो, आणि डेटाबेसमधील तुरीच्या जुन्या नोंदी मुगाच्या म्हणून वाचल्या जातात. म्हणून साठवायच्या मूल्यांना आकडे स्वतः नेमून द्यावेत किंवा नावच साठवावे. वगळलेल्या पिकाचा आकडा नव्या पिकाला कधीही देऊ नये.