मोगऱ्याला नुसती पानंच येतात? कुंडी परत आणण्याआधी हे वाचा

होळी ते गुढीपाडवा या पंधरवड्यात आमच्या रोपवाटिकेत रोज एक तरी मोगरा परत येतो. कुणी स्कूटरवर पायाशी ठेवून आणतं, कुणी रिक्षाने. कुंडीत हिरवागार, कमरेएवढा वाढलेला मोगरा असतो आणि प्रश्न ठरलेला असतो: "दोन वर्षं झाली, पानंच पानं. एक कळी नाही. रोप चुकीचं दिलंत का?"

रोप चुकीचं नसतं. आमचे मोगरे आम्ही स्वतः फांद्या लावून तयार करतो. मोगऱ्याला सहसा बी धरतच नाही, त्यामुळे ज्या झाडाची फांदी लावली त्याच झाडाचा गुण रोपात उतरतो आणि आमची मूळ झाडं दर उन्हाळ्यात भरभरून फुलतात. चूक झालेली असते डिसेंबर-जानेवारीत, दिसते मार्चमध्ये. मधल्या काळात झाड छान हिरवं दिसतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. हेच समजावून सांगण्यात आमची आणि तुमचीही सकाळ जाते, म्हणून यंदा लिहूनच देत आहोत.

चूक कोणती

थंडीतही रोज पाणी घालत राहायचं आणि झाडाला कात्री लावायची नाही. एवढीच.

मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटीच्या शेंड्यावर. गेल्या वर्षीची जुनी फांदी कितीही लांब, कितीही हिरवी असली तरी तिच्या जुन्या लाकडावर फूल येत नाही. तिच्यावरून नवा कोंब फुटला, तर त्या कोंबाला कळी. म्हणजे फुलं किती येणार हे उन्हाळ्याच्या तोंडावर झाडाला नवे कोंब किती फुटतात त्यावर ठरतं. आणि कोंब जोमाने एकदम फुटायचे, तर त्याआधी झाडाला थांबवावं लागतं.

शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. डाळिंबाचा, संत्र्याचा आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा) धरायचा म्हणजे काय करतात? आधी पाणी तोडतात. झाडाला ताण बसतो, वाढ थांबते, फांद्यांत अन्न साठतं आणि मग पाणी दिलं की बाग फुलावर येते. गावाकडची झाडंही हेच दाखवतात. पळस, पांगारा, काटेसावर बघा. आधी पानं झाडून उघडे होतात, मग फुलतात. कुंडीतल्या मोगऱ्याला ही विश्रांती आपोआप मिळत नाही, कारण त्याचं पाणी आपल्या हातात असतं आणि आपण प्रेमाने रोज तांब्या ओतत राहतो.

आमच्या एका जुन्या ग्राहक काकूंचा मोगरा त्यांच्या सासूबाईंनी लावलेला. सासूबाई गेल्यावर त्यांनी त्या झाडाला कधी कात्री लावली नाही. चार उन्हाळे ते झाड नुसतं वाढत राहिलं, गॅलरीच्या गजांतून बाहेर गेलं. पाचव्या वर्षी त्यांनी जानेवारीत ते आमच्याकडे आणलं आणि आम्ही छाटत होतो तेव्हा त्या पाठ करून उभ्या राहिल्या. आम्हालाही हात चालवताना जड गेलं. त्या वर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्यांना बाहेरून फुलं आणावी लागली नाहीत. हे सांगायचं कारण असं की कात्री न लावण्यामागे बहुतेकांची माया असते, आळस नसतो, आणि ते आम्हाला पूर्ण कळतं.

काय करायचं, कधी करायचं

पुण्याच्या हवेचा हिशोब देतो. कोकणात हेच दोन-तीन आठवडे आधी केलं तरी चालतं.

दिवाळीनंतर खत बंद. डिसेंबरच्या मध्यावर, दत्तजयंतीच्या आसपास, पाणी कमी करायला सुरुवात करा. जमिनीतल्या झाडाला ताण लांबवावा लागतो, काळ्या मातीत तर महिनाभर किंवा त्याहून जास्त. कुंडीत माती थोडी, म्हणून पाणी कमी करत आणल्यावर पूर्ण बंद ठेवायला १० ते १५ दिवस पुरतात. ताण देणं म्हणजे झाड मारणं नव्हे. पानांची चकाकी जाते, ती मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात, इथपर्यंत ठीक. शेंडे मान टाकू लागले तर कपभर पाणी कडेने द्या आणि पुन्हा थांबा. मातीच्या कुंडीत हे लवकर घडतं, प्लॅस्टिकच्या कुंडीत उशिरा, म्हणून दिवस मोजण्यापेक्षा झाडाकडे बघा.

मग संक्रांतीच्या आठवड्यात छाटणी. धारदार सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) घ्या, भाजीची कात्री नको, तिने फांदी चेपते आणि चेपलेली फांदी वरून खाली वाळत येते. आधी वाळक्या, काडीसारख्या बारीक आणि एकमेकींत अडकलेल्या आतल्या फांद्या मुळाशी काढा. राहिलेल्या चांगल्या फांद्या मातीपासून फूट-दीड फुटावर, डोळ्याच्या (फांदीवर जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या) जरा वर कापा. मग उरलेली सगळी पानं हाताने काढून टाका. हो, सगळी. इथे बहुतेकांचा हात थांबतो. दोन-चार पानं "राहू देत बिचारी" म्हणून ठेवली जातात. झाड मरत नाही त्याने, पण फूट मागेपुढे होते. पानं काढली की सगळे डोळे एकदम जागे होतात आणि बहार एकदम येतो.

छाटणी झाली की वरची दोन-तीन इंच माती खुरप्याने मोकळी करा, मुळं तुटणार नाहीत इतपतच. दोन दिवस तिला ऊन खाऊ द्या. मग १२ इंची कुंडीला दोन ओंजळी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळा आणि कुंडीच्या तळातून पाणी निथळेपर्यंत भरपूर पाणी द्या. इथून पुढे ताण संपला. माती पुन्हा कधीही पूर्ण कोरडी पडू द्यायची नाही.

फेब्रुवारीत लालसर-हिरवे कोंब दिसतील आणि मार्चमध्ये टोकांना कळ्या. थंडी लांबली तर थोडं पुढे जातं. युरिया मात्र घालू नका. कुणीतरी सांगतं म्हणून चमचाभर युरिया पडतो, झाड गर्द हिरवं होतं आणि पुन्हा पानंच पानं. युरियातलं नत्र जास्त झालं की मोगरा पानांच्याच मागे लागतो.

छाटणी राहून गेली असेल तर

आत्ता मार्च उजाडला आहे आणि तुमचं झाड न छाटलेलं उभं आहे. घाबरून आज मुळापासून कापू नका. न छाटलेल्या झाडालाही इकडेतिकडे चार कोंब आलेले असतात. त्यांना कळ्या आहेत का ते आधी बघा. दरवर्षी काही जण नेमक्या कळ्या धरलेल्या फांद्याच कापून आमच्याकडे येतात, आणि ते बघून फार वाईट वाटतं.

कळ्या असतील तर त्या फुलू द्या. फुलं संपली की तो शेंडा खालच्या दोन-तीन पानांच्या जोड्यांसकट कापा. तिथून दोन नवे कोंब येतात आणि साधारण महिन्याभरात त्यांना कळ्या. ज्या फांद्यांना काहीच नाही, त्या एक तृतीयांश कमी करा, खत द्या, पाणी द्या. मोगऱ्याचा बहार एकदाच येऊन संपत नाही, पावसाळा लागेपर्यंत लाटेमागून लाट येत राहते. पहिली हुकली तरी वैशाखातली मिळू शकते. ज्यांनी वेळेवर छाटलं आहे त्यांनीही प्रत्येक लाटेनंतर हे शेंडे काढायचेच. गजऱ्यासाठी कळ्या खुडल्या आणि देठं तशीच राहिली, तर पुढची फूट रेंगाळते.

ऊन, पाणी आणि जांभळ्या कळ्या

मोगऱ्याला निदान ५-६ तास थेट ऊन हवं. गॅलरी उत्तरेची असेल तर आम्ही मोगरा विकत नाही, तुम्ही आग्रह केलात तरी. पाच वर्षं छाटूनही तिथे फुलं मिळणार नाहीत. अशा जागेसाठी दुसरं काहीतरी सुचवू.

थंडीत जे पाणी वाचवलं ते उन्हाळ्यात द्यायचं. प्रत्यक्षात उलटं घडतं: जानेवारीत रोज पाणी, आणि मेमध्ये आठ दिवस गावाला गेल्यावर थेंब नाही. कळ्या असताना माती कोरडी पडली की कळ्या पिवळ्या पडून गळतात. चैत्र-वैशाखात रोज सकाळी पाणी, मातीच्या लहान कुंडीला संध्याकाळीही. गावाला जाताना कुंडी सावलीत, शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवा. आमच्याकडे ठेवायची असेल तर आधी सांगा, जागा असेल तर ठेवून घेतो.

कळी जांभळट होऊन न उमलताच गळत असेल, किंवा तिला बारीक भोक असेल, तर ती कीड आहे. अशा कळ्या रोज वेचून घराबाहेर टाका, कुंडीतच पडू देऊ नका, कारण कीड मातीत उतरून पुन्हा वर येते. एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण, आठवड्यातून एकदा, ऊन उतरल्यावर फवारा. पानांखाली बारीक लाल ठिपके आणि जाळं दिसलं तर तो कोळी नावाचा किडा. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी बराच आवरतो. बोअरचं जड पाणी असलेल्या सोसायट्यांत नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात, ती बहुतेक वेळा लोहाची कमतरता असते. ते पान घेऊन या, बघून सांगतो.

आमच्या जानेवारीतल्या काड्यांबद्दल

संक्रांतीच्या सुमारास आमच्याकडे आलात तर मोगऱ्याच्या ओळीत तुम्हाला नुसत्या काड्या दिसतील. बरेच जण ते बघून पुढे जातात आणि मार्चमध्ये फुलांनी भरलेलं रोप दुसरीकडून आणतात. फुललेलं रोप आम्हीही मार्चमध्ये ठेवतो, पण आमचा सल्ला मागाल तर काड्याच घ्या. काड्यांच्या स्थितीत रोप कुंडीत बदलता येतं, मुळांना धक्का बसला तरी वर सांभाळायला पानं-फुलं नसतात आणि पहिली फूटच तुमच्या घरच्या उन्हात येते. कळ्यांनी भरलेलं रोप नेऊन त्याच दिवशी मोठ्या कुंडीत लावलं की चार दिवसांत कळ्या खाली. फुललेलं रोप घेतलंच, तर पहिला बहार संपेपर्यंत पिशवीतच राहू द्या, फक्त पाणी द्या, आणि मग मातीचा गड्डा न फोडता कुंडीत बसवा.

काड्या आणि फुललेलं रोप यांचा भाव आम्ही सारखाच ठेवतो. "काडीचे एवढे पैसे?" असं विचारलं जातं. त्या काडीखाली दोन वर्षांची मुळं आहेत, म्हणून. आणि आम्ही फुलांची हमी लिहून देत नाही, हेही इथेच सांगतो. रोप मेलं आणि चूक आमच्या मातीची किंवा मुळांची निघाली तर बदलून देतो. ऊन आणि कात्री तुमच्या घरची.

जात निवडताना एवढं बघा: साध्या एकेरी मोगऱ्याला फुलं सर्वांत जास्त, गजऱ्याला बटमोगरा छान बसतो, दुहेरी मोगऱ्याचं फूल भरगच्च पण संख्या कमी. नवशिक्यांना आम्ही बटमोगरा देतो. हिवाळ्यात चांदणीसारखी पांढरी फुलं आणि मंद वास असलेलं, "मोगरा" म्हणून कुणी दिलेलं झाड बहुतेक कुंद असतं. त्याचा बहार थंडीतच असतो, त्याला हा सगळा नियम लावून जानेवारीत कापू नका.

कुंडी छाटायला आणायची असेल तर

पहिल्यांदा हात धजत नसेल तर छाटणी आम्ही करून देतो. आमच्याकडून घेतलेल्या रोपाची पहिली छाटणी मोफत, इतरांची माफक मजुरीत, शेणखत-पेंडीची पिशवी हवी असल्यास वेगळी. कुंडी जानेवारीतच आणा, शनिवार-रविवार सोडून, सकाळी. येण्याआधी तीन-चार दिवस पाणी घालू नका. ओली कुंडी जड होते, वाटेत हिसके बसून मुळं हलतात, आणि ओल्या मातीत खुरपं घातलं की तिचे गोळे होतात. १४ इंचांपेक्षा मोठी कुंडी असेल तर ती हलवू नका. झाडाचा फोटो दाखवा, कुठून कापायचं तिथे आम्ही खूण करून देऊ.