ऑपरेटर स्टेशनची उभारणी

ऑपरेटर स्टेशन : कारखान्यातली प्रक्रिया संगणकाच्या पडद्यावर पाहण्याची आणि तिथूनच ती चालवण्याची जागा. टाकीत पातळी किती, व्हॉल्व किती उघडा, पंप चालू की बंद हे तिथे दिसते आणि हात लावून बदलताही येते. पडदे, कळफलक, माऊस, अलार्मचा भोंगा, शेजारचा फोन, आणीबाणीचे लाल बटण आणि खुर्ची हे सगळे मिळून एक स्टेशन होते. उभारणीत संगणक बसवणे हा सर्वांत सोपा भाग असतो. पहाटे तीन वाजता त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला काय दिसले पाहिजे हे ठरवणे हा अवघड भाग, आणि खरे काम तेच.

कोल्हापूर जिल्ह्यात या विषयाशी सर्वांत जवळचा संबंध येतो तो साखर कारखान्यांचा. वारणानगर, बिद्री, कुडित्रे, परिते, शिरोळ, हुपरी हा सगळा उसाचा पट्टा. एकाच आवारात बॉयलर, टर्बाईन, मिल, रसाचे शुद्धीकरण, बाष्पीकरण आणि पॅन (पाकातून साखरेचे दाणे तयार करणारी भांडी) असल्याने प्रक्रिया नियंत्रणातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न साखर कारखान्यात भेटतो. म्हणून या नोंदीतली उदाहरणे मुख्यतः तिथली आहेत. दूध प्रक्रियेत स्टेशन लहान पण काटेकोर असते : पाश्चरायझरमध्ये दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद राहिले नाही, तर व्हॉल्व ते आपोआप मागे वळवतो, आणि तो वळला हे पडद्यावर ठळक दिसावे लागते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत भट्टी आणि वाळूचा प्लांट यांची छोटी स्टेशने असतात.

पॅनेलकडून पडद्याकडे

संगणक येण्यापूर्वी नियंत्रण कक्षात भिंतभर पॅनेल असे. काट्यांची उपकरणे, कागदावर रेघ ओढणारे रेकॉर्डर, दिव्यांच्या रांगा. जुना ऑपरेटर दारातून आत पाऊल टाकतानाच सगळे काटे आपापल्या नेहमीच्या जागी आहेत की नाहीत हे ओळखत असे. १९७५ मध्ये हनीवेलची टीडीसी २००० आणि योकोगावाची सेंटम या प्रणाली बाजारात आल्या आणि विकेंद्रित नियंत्रणाचे, म्हणजे आज सगळे ज्याला डीसीएस म्हणतात त्याचे, युग सुरू झाले. भिंत गेली, पडदा आला. वायरिंग कमी झाले, नोंदी आपोआप राहू लागल्या. पण भिंतभर पसरलेला कारखाना एकामागे एक लपलेल्या शंभर चित्रांत विभागला गेला, आणि दारातून येणारी ती एक नजर हरवली. स्टेशनची चांगली उभारणी म्हणजे ती नजर ऑपरेटरला परत मिळवून देणे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केला पाहिजे. नियंत्रण स्टेशनमध्ये होत नाही. ते कंट्रोलरमध्ये होते, जो वेगळ्या कपाटात बसवलेला असतो आणि ट्रान्समीटर (मोजलेला आकडा पाठवणारे उपकरण) व व्हॉल्व यांच्याशी थेट जोडलेला असतो. स्टेशन ही त्या कंट्रोलरकडे उघडणारी खिडकी. खिडकी बंद पडली तरी ऑटोवर असलेले लूप, म्हणजे मोजून व्हॉल्व हलवणाऱ्या साखळ्या, चालू राहतात. फक्त माणूस आंधळा होतो. म्हणून एका विभागाला किमान दोन स्टेशने द्यावीत, ती वेगवेगळ्या यूपीएसवर आणि वेगवेगळ्या नेटवर्क स्विचवर ठेवावीत, आणि बॉयलर व टर्बाईन ट्रिप करण्याची, म्हणजे तातडीने बंद पाडण्याची, बटणे संगणकावर अवलंबून न ठेवता स्वतंत्र तारेने जोडावीत. बॉयलरवरची पाणी दाखवणारी काचही कायद्याने असतेच. पडद्यावरचा आकडा आणि काचेतले पाणी ताडून पाहण्याची सवय पडदा कितीही चांगला झाला तरी सुटता कामा नये.

चित्रे

पडद्यावरच्या चित्राला कक्षात ‘ग्राफिक’ म्हणतात. अशा चित्रांबद्दलचे अमेरिकेच्या आयएसए या संस्थेचे १०१ क्रमांकाचे मानक २०१५ मध्ये आले. प्रचलित रचनेत चार पातळ्या असतात : सगळ्यात वर पूर्ण विभागाचा आढावा, मग रोजच्या कामाचे चित्र, मग एकेका यंत्राचा तपशील, आणि शेवटी दुरुस्तीसाठीची माहिती. आढाव्याचा पडदा कधीही दुसऱ्या चित्राने झाकू देऊ नये. आपल्याकडे नेमका तोच पडदा ‘नंतर करू’ म्हणून मागे राहतो; पाइपलाइनचे रंगीत, त्रिमितीय चित्र मात्र पहिल्या आठवड्यात तयार असते. पाहुण्यांना ते आवडते, पाळीवरच्या माणसाला त्याचा उपयोग थोडाच.

बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी हे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. टर्बाईनवर एकदम लोड आला की वाफेची मागणी वाढते, ड्रममधला दाब घसरतो आणि पाण्यातले बुडबुडे फुगतात. पातळी वर गेल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात पाणी कमी होत असते. नुसती पातळी पाहणारा नवा ऑपरेटर अशा वेळी फीड वॉटर (ड्रममध्ये येणारे पाणी) कमी करतो, आणि बुडबुडे बसले की पातळी झपाट्याने खाली येते. म्हणूनच येथे तीन घटकांचे नियंत्रण वापरतात : पातळी, बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारे पाणी. हे तिन्ही आकडे एकाच चित्रात, एकाखाली एक आणि त्यांचा मागच्या तासाचा ट्रेंड (आलेख) शेजारी, असेच असायला हवेत. मग पाळीतला अनुभवी माणूस मागे उभा राहून नुसते म्हणतो, “वाफ बघ, पाणी बघ, मग लेव्हल बघ,” आणि नवख्याला कळते.

हे साधे वाटते. पण २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात एक मनोरा गरजेपेक्षा फार वर भरला, द्रव बाहेर पडला, स्फोट झाला आणि १५ माणसे गेली. कारणे अनेक होती. त्यातले एक असे की, मनोऱ्यात किती द्रव येतो आणि किती बाहेर जातो हे दोन आकडे वेगवेगळ्या पडद्यांवर होते. शेजारी शेजारी असते तर आत येतेय, बाहेर काहीच जात नाही, हे चटकन लक्षात येण्याची संधी होती.

रंगांचा गोंधळ आपल्या कारखान्यांत खास आढळतो. मोटरच्या पॅनेलवर वर्षानुवर्षे लाल दिवा म्हणजे मोटर चालू, हिरवा म्हणजे बंद आणि पिवळा म्हणजे ट्रिप. पडद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा उलटे : हिरवा चालू, लाल बंद. एकच इलेक्ट्रिशियन खाली पॅनेल आणि वर पडदा पाहतो, तेव्हा ‘लाल आहे’ या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात. यावर चांगला उपाय म्हणजे चालू-बंद दाखवायला रंग वापरूच नये. पार्श्वभूमी फिकट करडी, चालू यंत्र उजळ, बंद यंत्र गडद, सोबत ‘चालू’ किंवा ‘बंद’ हा शब्द. लाल आणि पिवळा फक्त अलार्मसाठी राखून ठेवावा. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसेही पाळीत असतात, त्यांचीही सोय होते. करडा पडदा पहिल्यांदा पाहिल्यावर ‘हे काय मरगळलेले’ अशी प्रतिक्रिया हमखास येते. तरीही आग्रह धरावा.

अलार्म

अलार्म म्हणजे काय हे कोल्हापूरकराला समजावून सांगायची गरज नसते. पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ३९ फूट म्हटले की आंबेवाडी-चिखलीकडची माणसे जनावरे हलवायच्या तयारीला लागतात. ४३ म्हटले की हललेली असावी लागतात. दोन आकडे, दोन कृती, आणि दोन्हींच्या मध्ये हालचालीला पुरेसा वेळ. टाकीच्या हाय आणि हाय-हाय अलार्मचे नेमके हेच गणित. प्रत्येक फुटाला भोंगा वाजला असता तर कोणी जागचे हलले नसते.

कारखान्यात मात्र तेच होते. उभारणीच्या घाईत प्रत्येक टॅगला (प्रणालीतल्या एकेका मोजमापाला) हाय-हाय, हाय, लो, लो-लो असे चारही अलार्म चालू ठेवले जातात, कारण सॉफ्टवेअरमध्ये ते फुकट असतात. वेल्समधल्या मिलफर्ड हेवन येथे २४ जुलै १९९४ रोजी तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या सुमारे ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. त्यानंतर १९९९ मध्ये ब्रिटनच्या ईईएमयूए संस्थेने अलार्मविषयी १९१ क्रमांकाची मार्गदर्शिका काढली. तिच्या हिशेबाने एका ऑपरेटरला स्थिर स्थितीत सरासरी दहा मिनिटांत एका अलार्मपेक्षा जास्त येऊ नये. अलार्मची यादी करताना प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहावा : हा वाजल्यावर माणसाने करायचे काय? उत्तर नसेल तर तो अलार्म नाही, नोंद आहे. नोंदवहीत जाऊ दे.

मिलच्या बाबतीत आणखी एक सोय लागते. पहिल्या मिलच्या चुटमध्ये (ऊस मिलमध्ये सोडणाऱ्या मार्गात) ऊस चोक झाला की मिल थांबते, मागोमाग केन कॅरियर, मग रसाचा पंप, मग हीटर. पडद्यावर दोन सेकंदांत वीस ओळी. यातली पहिली ओळ कोणती हे वेगळे दाखवणारी ‘फर्स्ट-आउट’ रचना करून ठेवली तर ऑपरेटर थेट चुटकडे माणूस धाडतो. यासाठी सगळ्या कंट्रोलरांची आणि स्टेशनांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली हवीत. ती चार सेकंदांनी जरी मागेपुढे असली तरी परिणाम आधी आणि कारण नंतर छापले जाते, आणि ट्रिपची चौकशी भलत्याच दिशेने जाते.

शब्द

ग्राफिकवरची नावे फोनवर जी बोलली जातात तीच असावीत. फील्डमधला माणूस ‘गव्हाणीत ऊस कमी याय लागलाय’ असे कळवतो आणि पडद्यावर लांबलचक संक्षेप असतो; मधला अनुवाद ऑपरेटरच्या डोक्यात, घाईत करावा लागतो. टॅग नंबर देखभालीसाठी राहू द्यावा, पण त्याच्या वर रस, पाक, मळी, बगॅस (उसाचा चोथा) हे शब्द देवनागरीत लिहावेत. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे तुटतात आणि वेलांटी भलतीकडे जाते, म्हणून खरेदीपूर्वीच ‘क्लॅरिफायर’ आणि ‘शुद्ध रस’ हे शब्द पडद्यावर उमटवून पाहावेत.

पॅन स्टेशनची जागा हा वादाचा मुद्दा असतो. व्यवस्थापनाला सगळे पडदे एका वातानुकूलित खोलीत हवे असतात. पण पॅनमनचे निम्मे ज्ञान पडद्याबाहेर असते. तो प्रूफ स्टिकने पॅनमधला मासेक्विट (दाणे आणि पाक यांचे दाट मिश्रण) काढतो, काचेवर पसरतो, उजेडासमोर धरतो आणि दाणा पाहतो. दाणा बारीक आहे का, खोटा (नको असताना नव्याने तयार झालेला बारीक) दाणा उठलाय का, हे कोणताही ट्रान्समीटर त्याच्याइतके सांगत नाही. म्हणून पॅनचे स्टेशन पॅन फ्लोअरवरच असावे, आणि व्हॅक्यूम, तापमान व ब्रिक्सचे (विरघळलेल्या घन पदार्थांच्या प्रमाणाचे) आकडे दाणा पाहायच्या दिव्यापासून मान वळवून दिसावेत एवढ्या अंतरावर. मोठे आकडे, तीनच. तो माणूस निवृत्त होईपर्यंत कोणत्या आकड्याला कसा दाणा असतो याची सांगड घातली गेली, तर कारखान्याला फार मोलाची गोष्ट मिळते.

खोली

साखर कारखान्यात संगणकाचे शत्रू दोन : बगॅसचा भुसा आणि गंधकाचा धूर. भुसा पंख्यात अडकून संगणक तापतो. रस शुद्ध करण्यासाठी गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड वापरतात. त्याचा अंश आणि पावसाळी दमटपणा एकत्र आले की सर्किटवरचे तांबे काळे पडते. खोलीत गाळलेली हवा सोडून आतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त ठेवणे हा दोन्हींवरचा उपाय. संगणक शेजारच्या बंद कपाटात ठेवून टेबलावर फक्त पडदे, माऊस आणि कळफलक आणणे अधिक चांगले. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली, खिडकी पाठीमागे नको, आणि खुर्ची आठ तास बसवेल अशी. खुर्चीवर पैसे वाचवले जातात हे पाहून वाईट वाटते.

संगणकाची बाजू

प्रणालीच्या उत्पादकाने मान्य केलेलीच विंडोजची आवृत्ती घालावी. स्क्रीनसेव्हर, वीज वाचवणारी झोप आणि आपोआप होणारे अपडेट बंद करावेत. प्रत्येक स्टेशनला ठरलेला आयपी पत्ता आणि कपाटावर चिकटवलेले नाव असावे. ऑफिसचे नेटवर्क या नेटवर्कशी फायरवॉलशिवाय जोडू नये. यूएसबी पोर्ट कुलूपबंद करावेत : २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा विषाणू पेनड्राइव्हमधून पसरत होता आणि त्याचे लक्ष्य सीमेन्सच्या नियंत्रण प्रणाली हेच होते. मोबाइल चार्ज करायला वेगळा सॉकेट दिला की पोर्टला हात लावायचे निम्मे कारण जाते. पासवर्ड प्रत्येकाचा वेगळा असावा, पण पाळी बदलताना लॉगआउट झाले तरी चित्र दिसत राहील अशी रचना करावी. नाहीतर सगळे एकच पासवर्ड वापरतात आणि तो पडद्याच्या कडेला चिकटवलेला सापडतो. जुन्या कारखान्यांत अजूनही विंडोज एक्सपीवर चालणारी स्टेशने असतात. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. ती लगेच बदलता येत नसतील तर निदान पूर्ण वेगळी ठेवावीत.

हंगामापूर्वी

उभारणीचे कॅलेंडर ऊस ठरवतो. हंगाम उन्हाळ्यात संपतो आणि साधारण दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपन होते, त्यामुळे बदल मधल्या काळात, म्हणजे ऐन पावसात करावे लागतात. प्रत्येक लूप ट्रान्समीटरपासून पडद्यापर्यंत तपासतात : एक जण शिडीवर सिग्नल देतो, दुसरा पडद्यापुढे आकडा मोठ्याने वाचतो. मग बॉयलरमध्ये पाणी घालून थंड चाचणी. शेवटी ऑपरेटरांच्या देखत एका स्टेशनची नेटवर्क केबल ओढून काढावी, मग एक यूपीएस बंद करावा, आणि दुसऱ्या स्टेशनवर काम चालू राहते हे त्यांना स्वतःच्या हाताने करून पाहू द्यावे. पहिली मोळी पडल्यानंतर हा प्रयोग करायला कोणी धजत नाही.

चाचणी पार पडली की प्रत्येक स्टेशनच्या डिस्कची पूर्ण प्रत घेतात. दोन प्रती करतात. एक नियंत्रण कक्षात राहते, दुसरी वेगळ्या इमारतीत वरच्या मजल्यावर. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या या जिल्ह्यात ‘वरच्या मजल्यावर’ हे शब्द कामाच्या यादीत स्वतंत्र ओळीत लिहिलेले असतात.