किकऑफ कव्हरेज (अमेरिकन फुटबॉल)

अमेरिकन फुटबॉलमध्ये सामन्याच्या दोन्ही अर्धांची सुरुवात, तसेच टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या एंड झोनमध्ये नेणे) किंवा फील्ड गोल (चेंडू पायाने गोलखांबांमधून मारणे) यांनंतरचा खेळ, किकऑफने म्हणजे चेंडूला पायाने लांब फटका मारून होतो. फटका मारणाऱ्या संघाने चेंडूमागे धावत जाऊन तो झेलून परत धावणाऱ्या रिटर्नरला शक्य तितके मागेच पाडायचे असते. या कामाला किकऑफ कव्हरेज म्हणतात. कव्हरेज संघात एक किकर आणि दहा धावणारे असतात. सामन्यातील एकूण डावांच्या (चेंडू सुरू होऊन थांबेपर्यंतचा प्रत्येक छोटा खेळ) मानाने किकऑफ थोडेच होतात, पण एका फटक्यात साठ-सत्तर यार्डांची (१ यार्ड म्हणजे सुमारे ०.९१ मीटर) उलथापालथ होऊ शकते. त्यामुळे या थोडक्या डावांसाठी वेगळे प्रशिक्षक नेमले जातात.

लेनची शिस्त. मैदान सुमारे ५३ यार्ड रुंद असते. ते दहा जणांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला पाच यार्डांची एक पट्टी येते. तीच त्याची लेन. काठावरच्या दोघांनी रिटर्नरला आपल्या बाहेरून निसटू द्यायचे नसते. समोरच्या ब्लॉकरला (रिटर्नरची वाट मोकळी करणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला) भिडतानाही ते बाहेरचा हात मोकळा ठेवतात. मधले सहा-सात जण चेंडूवर तुटून पडतात, तर एखादा खेळाडू आणि किकर स्वतः मागे राहून शेवटची फळी सांभाळतात. पहिल्या टप्प्यात फक्त वेगाने धावायचे असते. मधल्या टप्प्यात ब्लॉकरला चुकवून लगेच आपल्या लेनमध्ये परतायचे. रिटर्नर जवळ आला की चुकवाचुकवी बंद, तिथे हातांनी भिडावेच लागते. शेवटच्या काही यार्डांत पावले आखूड करून तोल सांभाळला नाही, तर भरधाव आलेला खेळाडू रिटर्नरच्या एका हुलकावणीत बाजूला फेकला जातो.

हे सगळे कागदावर सोपे दिसते. अडचण अशी की चेंडू दिसला की पाय आपोआप तिकडे वळतात. चेंडूकडे न धावता आपली जागा राखायला शिकवणे, हा या प्रशिक्षणातला सर्वांत अवघड भाग. ८ जानेवारी २००० रोजी नॅशव्हिलमध्ये टेनेसी टायटन्स आणि बफेलो बिल्स यांच्यातील प्लेऑफ (बाद फेरीच्या) सामन्यात जागा सोडण्याची किंमत दिसली. सोळा सेकंद उरले असताना बिल्सने मुद्दाम आखूड किकऑफ मारला. लॉरेन्झो नीलने तो घेऊन फ्रँक वायचेककडे दिला. वायचेक एका बाजूला सरकला, त्याच्यामागे बिल्सचे कव्हरेजही सरकले, आणि त्याने चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला केव्हिन डायसनकडे फेकला. त्या बाजूच्या लेन ओस पडल्या होत्या. डायसन ७५ यार्ड धावत गेला आणि टायटन्स २२–१६ ने जिंकले. हा पास नियमबाह्यपणे पुढच्या दिशेने गेला होता की नाही, यावर चाहते अजून भांडतात. पण त्या बाजूला अडवायला कोणी का नव्हते, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा.

फटक्याची निवड. पारंपरिक किकऑफमध्ये कव्हरेजचे यश अर्धे किकरच्या पायात असते. चेंडू चार सेकंद किंवा अधिक काळ हवेत राहिला, तर धावणारे तो झेलला जाईपर्यंत बरेच अंतर कापून गेलेले असतात. चेंडू एका कोपऱ्याकडे मारला की रिटर्नरला साइडलाइनचा अडथळा होतो आणि कव्हरेजला निम्मेच मैदान राखावे लागते. मात्र तो सरळ बाहेर गेला, तर एनएफएल या अमेरिकेतील मुख्य व्यावसायिक लीगमध्ये प्रतिस्पर्ध्याला त्याच्या ४० यार्डांच्या रेषेवर (म्हणजे त्याच्या एंड झोनच्या कडेपासून, गोल रेषेपासून, ४० यार्डांवर) आयता ताबा मिळतो. जमिनीलगत उसळत जाणारी स्क्विब किक भरवशाच्या रिटर्नरपासून चेंडू दूर ठेवते, पण चांगली मैदानी जागा हातची जाते. ४ फेब्रुवारी २००७ च्या सुपर बोलमध्ये (एनएफएलचा अंतिम सामना) शिकागो बेअर्सच्या डेव्हिन हेस्टरने पहिलाच किकऑफ ९२ यार्ड परत नेऊन टचडाउन केला. त्यानंतर इंडियानापोलिस कोल्ट्सने त्याच्या वाटेला न जाण्याचे ठरवले, आखूड आणि बुटके फटके मारले, आणि सामना २९–१७ ने जिंकला.

प्रशिक्षक आणि खेळाडू. एनएफएलमध्ये केवळ स्पेशल टीम्ससाठी (किकच्या डावांत उतरणारे संघ) प्रशिक्षक नेमण्याची सुरुवात १९६९ च्या सुमारास झाली. पहिल्या नावांत डिक व्हर्मील आणि मार्व्ह लेव्ही येतात, आणि दोघेही पुढे नामांकित मुख्य प्रशिक्षक झाले. जॉन हार्बो यांनीही फिलाडेल्फिया ईगल्समध्ये हेच काम अनेक वर्षे केले, नंतर बाल्टिमोर रेव्हन्सला सुपर बोल जिंकून दिला. खेळाडू बहुधा राखीव फळीतले लाइनबॅकर, सेफ्टी (दोन्ही बचावातले) आणि रिसीव्हर (पास झेलणारे) असतात. बिल्सचा स्टीव्ह टास्कर आणि न्यू इंग्लंड पॅट्रियट्सचा मॅथ्यू स्लेटर यांनी मात्र संपूर्ण कारकीर्दच या कामावर उभी केली. स्लेटर दहा वेळा प्रो बोलसाठी (एनएफएलमधील निवडक खेळाडूंचा सामना) निवडला गेला.

इजा आणि नियम. दोन्हीकडून भरधाव येणाऱ्या शरीरांची टक्कर हा किकऑफचा जुना दोष. सप्टेंबर २००७ मध्ये बिल्सचा केव्हिन एव्हरेट आणि ऑक्टोबर २०१० मध्ये रटगर्स विद्यापीठाचा एरिक लेग्रँड यांना किकऑफवर टॅकल करतानाच मणक्याची गंभीर दुखापत झाली. एनएफएलने २००९ मध्ये दोनपेक्षा अधिक ब्लॉकरांची भिंत, म्हणजे वेज, बंद केली. २०११ मध्ये किकऑफची जागा ३० वरून ३५ यार्डांच्या रेषेवर आणली, आणि २०१८ मध्ये कव्हरेजची लांबून घेतलेली धाव व उरलेली वेजही काढून टाकली. आयव्ही लीग या अमेरिकी विद्यापीठांच्या लीगने २०१६ मध्ये किकऑफ ४० वरून सुरू केला, तेव्हा किकऑफवरील कन्कशनचे (डोक्याला बसणाऱ्या हादऱ्याचे) प्रमाण दर हजार डावांमागे सुमारे ११ वरून २ वर आले. पण सुरक्षिततेबरोबर डावच नाहीसा होऊ लागला. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये तेराच्या तेरा किकऑफ टचबॅक (म्हणजे एंड झोनमध्ये जाऊन मृत झालेला चेंडू) ठरले, एकही परत आला नाही.

त्यावर उपाय म्हणून २०२४ पासून एनएफएलने एक्सएफएल या दुसऱ्या व्यावसायिक लीगच्या धर्तीवर नवी मांडणी घेतली. किकर ३५ वरूनच मारतो, पण त्याचे दहा साथीदार थेट प्रतिस्पर्ध्याच्या ४० यार्डांच्या रेषेवर उभे राहतात, आणि ब्लॉकर त्यांच्यापासून पाच यार्डांवर. चेंडू जमिनीला किंवा रिटर्नरला लागेपर्यंत या दोन फळ्यांनी जागचे हलायचे नाही. उंच फटक्याचा जुना फायदा इथे जवळजवळ संपला. त्याऐवजी गोल रेषा आणि २० यार्डांच्या रेषेदरम्यान वेडावाकडा उसळणारा, पकडायला त्रासदायक चेंडू टाकण्याला भाव आला. लांब लेनऐवजी समोरच्या ब्लॉकरला झटकून दोघांमधली फट बुजवणे महत्त्वाचे ठरले. २०२५ मध्ये हवेतून थेट एंड झोनमध्ये गेलेल्या टचबॅकनंतर चेंडू झेलणाऱ्या संघाच्या ३० ऐवजी ३५ वर ठेवायचे ठरल्यावर लांब मारून सुटका करून घेणेही महाग झाले.

या बदलात एक डाव मेला. ७ फेब्रुवारी २०१० च्या सुपर बोलमध्ये १०–६ ने मागे असलेल्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे प्रशिक्षक शॉन पेटन यांनी उत्तरार्धाची सुरुवातच अनपेक्षित ऑनसाइड किकने (चेंडू आपणच परत मिळवण्यासाठी मारलेला आखूड फटका) केली, चेंडू परत मिळवला आणि पुढे ३१–१७ ने जिंकले. २०२५ च्या हंगामात एनएफएलमध्ये ऑनसाइड किक फक्त पिछाडीवरचा संघ, तीही आधी पंचांना सांगूनच, मारू शकत होता.

महाविद्यालयीन आणि शालेय खेळात मात्र जुनीच मांडणी चालू आहे. शाळांमध्ये किकऑफ ४० वरून होतो आणि गोल रेषा ओलांडली की चेंडू मृत धरला जातो. पण तितका लांब मारणारा किकर प्रत्येक शाळेकडे नसतो. त्यामुळे तिथे बहुतेक चेंडू परत धावत येतातच, आणि त्यांना अडवायला लेनची शिस्तच कामी येते.