पत्र्याखालचा फोम: कोल्ड स्टोरेजमधून घरात

गच्चीवर पत्र्याची खोली काढायची आणि एप्रिल उजाडला की तिथलं अंथरूण उचलून खाली आणायचं, हे सांगली-मिरजेत नवीन नाही. त्यावर उपाय म्हणून काही घरांत पत्र्याला आतून स्प्रे फोम मारून घेतात. खोली थंड राहते, पावसाचा ताडताड आवाजही दबतो. पण फोम मारल्यावर तिथे झोपायचं कधी, हे कामगार सहसा सांगत नाही. त्यालाही कुणी ते शिकवलेलं नसतं, आणि याचं कारण या फोमच्या प्रवासात आहे.

हा स्प्रे फोम म्हणजे पॉलियुरेथेनचा, थोडक्यात पीयू फोम. आपल्या भागात तो आला मालासाठी. तासगावचा बेदाणा आणि सांगलीची हळद ठेवणाऱ्या कोल्ड स्टोरेजच्या भिंतींत तो बसला. त्याआधी हळद हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखाली खणलेल्या कोठारांत राहायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, हे तिथल्या माणसांच्या अंगवळणी पडलेलं होतं, कारण कोंडलेल्या हवेनं जीव जातो. २००५च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि ती पद्धतच खिळखिळी झाली. कोल्ड स्टोरेजमध्ये मात्र काम झाल्यावर त्या रात्री कुणी मुक्कामाला नसतं. त्यामुळे थांबण्याचा नियम धंद्यात रुजलाच नाही, आणि तीच सवय घेऊन फोम झोपायच्या खोलीवर आला.

मूळ शोध जर्मनीतला. १९३७ साली लेव्हरकुसेनमध्ये ओटो बायर आणि सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनची रसायनक्रिया शोधली. एका ड्रममध्ये आयसोसायनेट. दुसऱ्यात पॉलिऑल आणि त्याच्यासोबत उत्प्रेरक, फुगवणारा वायू, आग रोखणारं रसायन. दोन्ही तापवून, साधारण सारख्या प्रमाणात, बंदुकीच्या तोंडाशी एकत्र येतात आणि क्षणात फुगतात. स्प्रेमध्ये वापरतात ते आयसोसायनेट म्हणजे एमडीआय. भोपाळला १९८४ मध्ये फुटलेला वायू मिथाइल आयसोसायनेट. नात्यातला, पण स्वभावानं वेगळा. एमडीआय साध्या तापमानाला फारसं उडत नाही. फवारताना मात्र त्याची वाफ आणि बारीक तुषार हवेत पसरतात, तेव्हा धोका असतो.

हा धोका आधी कामगारांनी भोगला. आयसोसायनेटमुळे दमा होतो, अशा नोंदी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून युरोपात आहेत. त्यातली वाईट गोष्ट अशी, की शरीर एकदा संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनंही श्वास कोंडतो. घराचा प्रश्न पुढे आला तो वेगळ्याच फोममुळे. १९७०च्या दशकात तेल महागलं, उत्तर अमेरिकेत घरांच्या भिंतींत युरिया-फॉर्मल्डिहाइडचा फोम भरला गेला आणि लोकांच्या डोळ्यांत, नाकात आग होऊ लागली. कॅनडानं १९८०च्या डिसेंबरात त्याच्यावर बंदी घातली. अमेरिकेनं १९८२ मध्ये घातलेली बंदी पुढल्याच वर्षी कोर्टात टिकली नाही. तो फोम वेगळा, आजचा पीयू वेगळा; दोन्हींची गल्लत करू नये. पण काम संपल्यावर त्या घरात राहणाऱ्याचं काय, हा प्रश्न तिथून ठळक झाला. २०११ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं एमडीआयसाठी कृती आराखडा काढला, त्यातही ही चिंता आहे. 

फोम हाताला मिनिटभरात कडक लागतो, म्हणून तो पूर्ण झाला असं वाटतं. हवेत उरलेली रसायनं निघून जायला मात्र कित्येक तास लागतात. पुष्कळ उत्पादक किमान २४ तास घराबाहेर राहायला सांगतात. थर जाड, हवा दमट किंवा खिडक्या कमी असतील तर त्याहून जास्त. काम चालू असताना आणि नंतरही समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, पंख्यानं हवा बाहेर ढकलायची, आणि वरच्या खोलीचा जिना घरात उघडत असेल तर ते दार बंद. दम्याचं माणूस, तान्हं मूल, गरोदर बाई यांना दोन-चार दिवस पाहुण्यांकडे पाठवणं मला शहाणपणाचं वाटतं.

मासळीसारखा वास आठवडाभरानंतरही टिकला तर अत्तर-अगरबत्तीनं तो झाकू नका. दोन द्रवांचं प्रमाण चुकलं असावं, किंवा एकदम जाड थर मारल्यानं फोम आतून करपला असावा. असा फोम बहुतेक वेळा काढावाच लागतो, आणि खरवडताना उडणारी धूळ पुन्हा फुफ्फुसात जाते, म्हणून ते काम घरच्या माणसानं सुरी घेऊन करायचं नाही.

पुढे कधी पत्र्यावर सोलरचा स्टँड जोडायला वेल्डर आला, तर खाली फोम आहे हे त्याला आधी सांगा. ठिणगी पडली की फोम वेगानं पेटतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. राहत्या खोलीत फोम उघडा न ठेवता त्यावर जिप्सम बोर्ड मारून घ्यावा. इथे तो खर्च वाचवायची टूम आहे, आणि मला वेल्डरपेक्षा तिचीच भीती जास्त वाटते.